धाकटीचा ग्रीन टी

४ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत, तुम्ही तिघंही ठीक असाल. भावोजींचा खोकला गेला का? लेक आता नववीत ना? उंचीनं तुझ्या पुढे गेली असेल. हे सगळं रीत म्हणून विचारत नाहीये, सविस्तर कळव.

तुझा चहाचा तिसरा डबा सोमवारी पोचला. पहिला आला तेव्हाच चार ओळी लिहायला हव्या होत्या. दुसऱ्याच्या वेळी तर लिहायचं ठरवलंही होतं. तिसरा बघितल्यावर मात्र माझी मलाच लाज वाटली. हात दुखतात ही सबब चांगली आहे, पण तोंड काही दुखत नव्हतं, फोन तरी करता आला असता. असो. उशिरा का होईना, लिहायला बसले आहे.

पहिल्या डब्यावर तुझी चिठ्ठी होती. दिवसातून दोन कप. साखर नको. दूध तर नकोच. उकळतं पाणी ओतायचं नाही, तीन मिनिटांत पानं काढून टाकायची. बस, एवढंच. वर मायना नाही, खाली सही नाही. पण चार वर्षांनी तुझं अक्षर बघितलं आणि मी ती चिठ्ठी तीनदा वाचली. ह्यांनी विचारलं, चहा करायला एवढा अभ्यास लागतो का?

माझ्या हातांचं तुला भावोजींकडून कळलं असणार, आणि भावोजींना ह्यांच्याकडून. मी बजावलं होतं की फोनवर गवगवा करू नका. पण ह्यांच्या पोटात काही राहतं का? आता कळलंच आहे तर नीट सांगते. रुमॅटॉइड संधिवात म्हणतात त्याला. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो हा नव्हे. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं की शरीराची राखण करणारे शिपाईच आपल्या घरच्यांवर उलटतात आणि सांधे खायला लागतात. मी म्हटलं, मग त्या शिपायांना कामावरून काढून टाका. त्या हसल्या आणि म्हणाल्या, काढता येत नाही, पण आठवड्याच्या गोळीनं वचक बसवता येतो. दर रविवारी ती गोळी घेते. ती चुकवत नाही, काळजी करू नकोस.

सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटं माझी नसतातच. फुगलेली, गरम, आणि मूठ म्हणून वळत नाही. नळ फिरत नाही, बटण लागत नाही, वेणी तर नाहीच नाही. वेणी आता हे घालतात. हसू नकोस. पहिल्या दिवशी घातली तेव्हा आरशात बघून मला वाटलं, गाठोडं बांधायची दोरी डोक्याला लावली आहे. आता बरी जमते. मधे एक दिवस मी म्हटलं, केस कापूनच टाकते, तुमचा त्रास वाचेल. तर हे रागावले. म्हणाले, तीस वर्षांनी मला तुझे केस विंचरायला मिळाले आहेत, ते तू कापणार?

आणि एक गंमत सांगते. आपल्या कवळ्यांच्या कामाचं गुलाबी प्लास्टिक घरात पडून होतंच. डोकं चालवलं. पेनाला, चमच्याला, किल्लीला, सगळ्याला त्याच्या जाड मुठी चढवल्या. आधी मेणात माझ्या पकडीचा ठसा घेतला आणि मग कवळी करतो तशीच घोटून, पॉलिश करून केली. आता मी हे पत्र ज्यानं लिहिते आहे त्या पेनाला हिरड्या आहेत. शेजारची बाई किल्ली बघून दचकली आणि तिनं ती चटकन खाली ठेवली.

आता चहाचं. धाकटे, रागावू नकोस, पण पहिला घोट घेतला आणि मला वाटलं की कुणीतरी कुंपणाची छाटणी करून पाण्यात टाकली आहे. ह्यांनी एक घोट चाखला, कप खाली ठेवला आणि जाहीर केलं, मला कुठलाही आजार नाही, हा तूच पी. पण मी नेटानं प्यायले. तू तोलून, बांधून, पोस्टात जाऊन पाठवतेस, आणि मी तोंड वाकडं करायचं हे मला बरं दिसेना. आठवडाभरात जीभ वळली. आता सकाळी आखडलेली बोटं त्या गरम कपाभोवती धरून बसते. दहा मिनिटांनी थोडी सैल पडतात. चहानं पडतात की उबेनं, ते मला विचारू नकोस. डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, आवडत असेल तर प्या, चांगलाच आहे, पण ह्याला औषध समजून गोळ्या सोडायच्या नाहीत.

त्यातही मी घोळ घातलाच. माझं रक्त कमी झालं आहे, म्हणून त्यांनी लोहाची गोळी दिली होती, रोज एक. मी विचार केला, गोळीही तब्येतीची, चहाही तब्येतीचा, तर दोन्हींची सांगड घालू. रोज सकाळी ती गोळी तुझ्या चहाबरोबर गिळायचे. अगदी नेमानं, अडीच महिने. परवा रक्त तपासलं तर आकडा जागचा हललेला नाही. डॉक्टरीणबाई चक्रावल्या. गोळी कशाबरोबर घेता विचारलं. मी मोठ्या अभिमानानं सांगितलं, ग्रीन टीबरोबर. त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणे चहा ते लोह अंगाला लागूच देत नाही. म्हणजे अडीच महिने मी एका हातानं द्यायचे आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायचे. आता दोन्हींत चांगलं दोन-तीन तासांचं अंतर ठेवते. हे दिवसभर तेच आठवून हसत होते.

कामाचं म्हणशील तर थोडंच उरलं आहे. महिन्याला एक-दोन नव्या कवळ्या आणि बाकी तुटलेल्या सांधायच्या. दातांचे मोठे डॉक्टर अजून काम पाठवतात, जुन्या ओळखीखातर. आपण दोघी जावा एका टेबलाशी बसून नऊ वर्षं लोकांचे दात बसवत होतो, रस्त्यात कुणी हसलं की तू माझा हात दाबायचीस, ही कवळी आपली आहे म्हणून. आता मी एकटीच ओळखते आणि सांगायला कुणी नसतं.

चार वर्षांपूर्वीचा तो विषय मी काढणार नाही. झालं ते झालं.

तू दुकानात काम करतेस असं भावोजी म्हणाले. चहा, मध, सुका मेवा तोलतेस म्हणे. तुझ्यासारख्या हाताच्या बाईनं तराजू धरावा हे मला काही बरं वाटत नाही. पण मी कोण बोलणारी?

पत्र लिही. नुसती चिठ्ठी नको.

तुझी,
मोठी जाऊ


२० फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

आशीर्वाद. तुझं सहा पानी पत्र काल आलं. आधी मला आनंद झाला, मग वाचत गेले तसतसा जीव खाली खाली गेला.

अगं, मी लोहाच्या गोळीचं हसायला म्हणून लिहिलं होतं. तू त्यावर रडलीस? तू लिहितेस की माझ्या हाताला यशच नाही, तुमच्यासाठी चांगलं करायला जावं तर उलटंच होतं, आधी ती कवळी आणि आता हे. हे काय लिहिणं झालं? तुझ्या चिठ्ठीत लोहाच्या गोळीचं नाव तरी होतं का? चहा तू पाठवलास, गोळीबरोबर प्यायची अक्कल माझी. मला डोकं आहे, तोंड आहे, डॉक्टरीणबाईंना आधी विचारता आलं असतं. तुझा त्यात काडीचा संबंध नाही. आणि रक्त आता वाढायला लागलं आहे. परवाच तपासलं, डॉक्टरीणबाई खूश होत्या.

दुसरं, त्या कॉलेजचं. दातांच्या कॉलेजात शिकवणाऱ्या बाई तुझ्या दुकानात चहा घ्यायला येतात, त्यांना बोलता बोलता कळलं की तू कवळ्या करायचीस, आणि त्यांनी तुला मुलांना ते काम हातानं करून दाखवायची नोकरी देऊ केली. हे तू पाचव्या पानावर लिहितेस. पाचव्या! मी असते तर पाकिटावर लिहिलं असतं. आणि लगेच पुढे लिहितेस की दहा मार्चपर्यंत उत्तर द्यायचं आहे आणि मी नाही म्हणणार आहे, ज्या हातानं एका बाईचं तोंड वाकडं केलं तो हात मी मुलांना काय म्हणून दाखवू?

त्या निवृत्त शिक्षिकाबाईंची वरची कवळी तू अजून धरून बसली आहेस तर. तू मेणात बसवलेले दात डॉक्टरांनी त्यांच्या तोंडात लावून बघितले तेव्हा पुढच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या बरोबर खाली होती, आणि तयार होऊन बसवली तेव्हा पुढचे दात डावीकडे सरकलेले होते. तू लिहितेस की मीच ती रात्रभर खिडकीच्या फळीवर ठेवली, सकाळच्या उन्हानं मेण सैल पडलं असणार, माझ्या लक्षात कसं आलं नाही. चार वर्षं हाच हिशेब मनात घोळवते आहेस. लेकीच्या वह्यांना कव्हर घालतानासुद्धा रेघ सरळ आली का म्हणून दोनदा बघतेस असं लिहिलं आहेस. ते वाचून मला पुढचं पान उलटवेना.

नोकरी घे. तुझा हात चांगला आहे. मी शिकवलेल्यांत तुझ्यासारखा हात दुसरा झाला नाही, आणि हे मी जाऊ म्हणून सांगत नाही. चुका सगळ्यांच्याच होतात. एका कवळीवरून कुणी आयुष्य ठरवत नाही. त्या बाईंना हो म्हणून सांग.

जास्त लिहीत नाही. हे हाक मारताहेत, म्हणून इथेच थांबते.

तुझी,
मोठी जाऊ


२ मार्च

प्रिय धाकटे,

मागच्या पत्राच्या शेवटी हे हाक मारताहेत असं लिहिलं होतं. ते खोटं होतं. हे त्या वेळी घरातच नव्हते. पुढे लिहायचं होतं ते लिहायची हिंमत झाली नाही म्हणून मी पळून गेले.

आज पळणार नाही. खुशाली वगैरे नंतर. हे पत्र बसूनच वाच, आणि वाचताना भावोजी घरात असू देत.

ती कवळी तू बिघडवली नाहीस. मी बिघडवली.

तू आदल्या संध्याकाळी ती साच्यासकट खिडकीच्या फळीवर ठेवलीस, हे खरं आहे. सकाळी मी तुझ्या आधी खोलीत गेले. सात वाजायचे होते. ऊन अजून समोरच्या भिंतीवरसुद्धा आलं नव्हतं, आपल्या फळीपर्यंत यायला त्याला आणखी दोन तास लागायचे. मेण घट्ट होतं, धाकटे. मी अंगठ्यानं दाबून बघितलं होतं. दात जिथल्या तिथे होते, आणि इतके सुरेख बसले होते की मी घटकाभर नुसती बघत राहिले. तुझ्या वयात मला तसं जमलं नव्हतं.

मग मी ती उचलली. त्या दिवसांत सकाळी माझी बोटं आखडायची. मला वाटायचं की गारठ्यानं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. उचलली खरी, पण बोटं मिटलीच नाहीत. साचा हातातून सुटला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि खाली फरशीवर गेला. साचा कसाबसा वाचला. पुढचे तीन दात मेणातून निखळले आणि त्यांतला एक कपाटाखाली गेला. तो मी गुडघ्यावर बसून पट्टीनं ओढून बाहेर काढला.

तू स्वयंपाकघरात लेकीचा शाळेचा डबा भरत होतीस. मला तुझी आणि तिची चाललेली घासाघीस ऐकू येत होती, ती म्हणत होती सफरचंद नको, आणि तू म्हणत होतीस निदान अर्धं. एक हाक मारायची होती. तू धावत आली असतीस, पाच मिनिटांत ते तीन दात पुन्हा बसवले असतेस, डॉक्टरांना फोन करून आणखी एकदा तोंडात लावून बघायला सांगितलं असतंस, आणि संपलं असतं.

मी हाक मारली नाही. स्पिरिटचा दिवा लावला, मेण तापवलं आणि दात अंदाजानं परत बसवले. मधली रेघ पट्टी लावून तपासायची असते, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. मी तपासली नाही. पट्टी धरायला बोटं वळत नव्हती, आणि तू येशील म्हणून घाईही होती. तशीच ती प्लास्टरमध्ये पुरली, म्हणजे कुणाला काही दिसायलाच नको. तू सगळं आवरून हात पुसत आलीस तेव्हा फळीवर ऊन आलेलं होतं, आणि मी म्हटलं की आज तुझं काम मीच करून टाकलं आहे. तू काय म्हणालीस ते तुला आठवणार नाही. मला चार वर्षं रोज आठवतं.

"जाऊबाई, तुम्ही किती करता हो माझं."

पुढचं तुला माहीत आहे. दवाखान्यात त्या शिक्षिकाबाई आरशात बघून रडायला लागल्या. डॉक्टरांनी विचारलं की मेणात असताना बरोबर होती तर मग बिघडली कुठे? मी तोंड उघडायच्या आत तू म्हणालीस, माझ्याच हातून झालं असेल, मी खिडकीत ठेवली होती. मी तुझ्या शेजारी उभी होते. पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरून उभी होते, कारण एका हातानं धरवत नव्हता. डॉक्टर म्हणाले, ह्यापुढे माझं काम ह्यांच्या हाती द्यायचं नाही, मोठ्या बाईंनीच करायचं. आणि मी मान हलवली.

का गप्प बसले, ते सांगते. सबब म्हणून नव्हे. मला भीती वाटली. माझे हात गेले हे एकदा बाहेर कळलं की काम जाणार, आणि काम गेलं की मी कोण उरते हे मला कळत नव्हतं. तू तरुण आहेस, तू सावरशील, असं मी मनाला सांगितलं. चार दिवसांत सांगू, मग महिन्याभरात सांगू असं करत राहिले. तू हळूहळू टेबलाशी बसायची बंद झालीस. भावोजींनी बदली मागून घेतली, तुम्ही सामान बांधलंत. मी दारात उभी राहून टेम्पोत चढणारी खोकी बघितली, तेव्हासुद्धा बोलले नाही. उलट ती उन्हाची गोष्ट इतक्यांदा ऐकली की मलाही ती खरी वाटायला लागली होती. उन्हानंच झालं असेल, माझ्या हातून पडली तरी मी दात बरोबर बसवले होते, असंही काही दिवस स्वतःला सांगून बघितलं.

आणि मग तू चहा पाठवलास. मला वाटलं होतं की तू मला विसरली असशील, निदान माझा राग तरी करत असशील. तू माझे हात दुखतात म्हणून पानं निवडून पाठवत होतीस. मी रोज सकाळी तो कप धरून बसायचे आणि बोटं सैल पडली की मला आधी आनंद व्हायचा आणि मग शरम वाटायची. तीन महिने मी तुला उत्तर लिहिलं नाही ते हात दुखत होते म्हणून नाही. तरीही कदाचित मी हे कधीच लिहिलं नसतं. पण तू त्या लोहाच्या गोळीचा दोषही स्वतःच्या अंगावर ओढून घेतलास. ज्यात तुझा काही म्हणजे काही संबंध नाही, तेही तुझंच. तेव्हा मला कळलं की ही सवय तुला मी लावली आहे.

मी आधी ह्यांना सांगितलं. परवा दुपारी, जेवणं झाल्यावर. ह्यांनी विचारलं, "माझा भाऊ चार वर्षं माझ्याशी तुटक बोलतो, ते ह्यापायी?" मी हो म्हटलं. हे उठून फिरायला गेले ते दिवे लागल्यावर आले. रात्री जेवले, पण बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कंगवा घेऊन माझ्या मागे येऊन बसले आणि न बोलता वेणी घातली. त्यांचा हात त्या दिवशी जरा जड लागत होता. मी सोसलं.

काल मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सगळे पेशंट आटपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिले. आत गेल्यावर त्यांना वाटलं की मी कवळी घेऊन आले आहे, त्यांनी हात पुढे केला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, आत्ता तुला लिहिलं तेवढंच, काही न गाळता. त्यांनी तोंडावरचा मास्क खाली केला आणि खुर्चीत बसले. मला वाटलं की ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले की तुमच्या जाऊबाईंना मी माझ्या दारात परत येऊ दिलं नाही, आणि त्यांनी मला दर नव्या वर्षाला शुभेच्छांचं कार्ड पाठवलं. तू कार्ड पाठवायचीस हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी तुझ्या त्या कॉलेजचं नाव विचारलं. तुझ्या हाताबद्दल ते स्वतः पत्र लिहिणार आहेत, आणि त्यात ती कवळी कुणी बिघडवली तेही लिहा असं मी त्यांना सांगितलं आहे. ते म्हणाले, त्याची गरज नाही. मी म्हटलं, आहे. मग त्यांनी माझे हात बघायला मागितले. मी ते टेबलावर ठेवले. त्यांनी बोटं एकेक करून हलवून बघितली आणि म्हणाले की आता नवं काम नको. मी तेच सांगायला आले होते, पण ते त्यांच्या तोंडून ऐकावं लागलं. सत्तावीस वर्षांचं काम दहा मिनिटांत आटपलं. घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू? ह्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिले. अजून फारसं बोलत नाहीत, पण बसले.

भावोजींना हे पत्र वाचून दाखव. तुझी बाजू घेऊन ते भावाशी भांडले होते, ते बरोबर होतं असं सांग. लेकीलाही दाखव. आपल्या आईच्या हातून चूक झाली असं ऐकत ती मोठी झाली आहे, ते तिच्या मनातून जायला हवं.

मला माफ कर असं मी ह्यात कुठे लिहिलेलं नाही. विसरले म्हणून नव्हे. तू लगेच करशील हे मला माहीत आहे, आणि मला ते इतक्या स्वस्तात नको आहे. तू रागाव. जन्मभर राग धरायचा असेल तर धर, तो तुझा हक्क आहे. चार वर्षांचा राग तू स्वतःच्या हातांवर काढलास, आता तो जिथे काढायचा तिथे काढ. शिव्या देणारं पत्र लिहिलंस तरी मी ते जपून ठेवीन.

फक्त दहा तारखेच्या आत त्या कॉलेजच्या बाईंना हो म्हणून कळव. मला नाही कळवलंस तरी चालेल, त्यांना कळव. पहिल्या दिवशी मुलं तुझ्याभोवती गोळा होतील, तू मेण तापवशील, आणि तुझा हात थरथरेल. थरथरू दे. तू मेणात बसवलेली ती रेघ बरोबर होती. ती बरोबर असताना शेवटची बघितली ती मी, आणि मी ते चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. आता सांगते आहे.

जिच्या हातून ती पडली, ती
तुझी मोठी जाऊ